स्पीकरवरचं मत

आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचं. ही सवय सासूबाईंच्या फोनमुळे लागली. नागपूरहून त्या बोलायच्या आणि इथे सगळ्यांना ऐकू यायला हवं असायचं. त्यामुळे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या आमच्या किचनमध्ये निवडणुकीआधी सर्व्हेवाल्या मुलीचा फोन आला, तोही स्पीकरवरच. तिला माझ्याशी बोलायचं होतं. नागरिकत्व मिळाल्यावरची माझी ही पहिलीच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक.

मत कोणाला देणार, असं तिनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत आमच्या ह्यांनी जेवता जेवता उत्तर देऊन टाकलं. वर म्हणाले, हिचंही तेच लिहा. अस्सा राग आला मला! सोफ्याच्या रंगापासून गाडीपर्यंत आमचं दोघांचं मत एकच, म्हणजे ह्यांचं.

ती मुलगी मात्र चिवट निघाली. शांतपणे म्हणाली, "सर, मला मॅडमचं मत हवंय." आणि थांबली. खरंच थांबली हो! माझ्या उत्तरासाठी असं कुणी थांबलेलं मला आठवत नाही. मला भरूनच आलं. मी खरं ते सांगितलं, की अजून काही ठरलं नाही. निदान कल कुणाकडे आहे, असंही तिनं विचारलं. तोही नव्हता.

मग काय, ह्यांनी डोकं खाल्लं नुसतं. टीव्हीवर पोलचे आकडे हलले की म्हणायचे, तुझ्यासारखे काठावरचे लोक सगळा घोळ घालतात, आज इकडे, उद्या तिकडे. मी म्हटलं, आम्ही विचार करतोय म्हणून हलतायत आकडे. आणि मी करत होतेच. भाजी चिरताना दोन्ही उमेदवारांची भाषणं पुन्हा पुन्हा ऐकत होते. ह्यांना ते दिसत होतं, आणि हळूहळू टोमणे कमी झाले.

मतदान तोंडावर आलं आणि त्याच मुलीचा पुन्हा फोन. तेव्हा ज्यांचं ठरलं नव्हतं ते आता कुठे वळले, हे तिला विचारायचं होतं. फोन ह्यांनीच उचलला. आता हे परत माझ्या वतीनं बोलणार, या धास्तीनं माझं लाटणं थांबलं.

ह्यांनी स्पीकर बंद केला, फोन माझ्या पिठाच्या हातात दिला आणि जॅकेट न घालताच मागच्या उघड्या लाकडी डेकवर थंडीत गेले. जाताना दार ओढून घेतलं.

मी माझं मत सांगितलं, त्या मुलीचे अगदी मनापासून आभार मानले. मग दार उघडून म्हटलं, "अहो, झालं माझं. या आत."

हे कुडकुडत आत आले आणि चहा टाकू का, एवढंच त्यांनी विचारलं.