बॉनेट उघडायचं नाही!

गॅरेजच्या कोपऱ्यात सुटे नट-बोल्ट कसे साचतात? कुठल्या गाडीतून निघाले ते कुणाला आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींत किस्से तसेच साचलेत. त्यातले निम्मे एकट्या सातपुत्यांच्या गाडीचे!

पुढचं सगळं शपथेवर खरं आहे. दर वेळी मी स्वतः गाडीत होतो. म्हणजे, ते करोल बागेला गेले तेव्हा नव्हतो. आणि पुलावर होतो, पण तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. बाकी बिल्कुल खरं!

सातपुते माझे शेजारी. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. गाडी त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांनी सेकंडहँड घेतलेली. पुढे नव्वदीच्या मध्यावर दिल्लीत गाड्यांचे शोरूम मिठाईच्या दुकानांसारखे उघडायला लागले, हप्त्यावर गाडी मिळायला लागली, आणि मालतीवहिनींनी, म्हणजे सौ. सातपुत्यांनी, एका नव्या गाडीचा बुकिंग फॉर्म आणून पर्समध्ये ठेवला. सातपुत्यांचा जीव मात्र जुनीवर. महिनाभर घरात धुसफूस. शेवटी दिवाळीत तह झाला.

दर जानेवारीत आमची मंडळी पानिपतला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं तिथं जाऊन परत यायचं. वाटेत एकदा जरी बॉनेट उघडलं, तरी घरी येऊन फॉर्मवर सही. जुनी विकायची."

"मंजूर," सातपुते म्हणाले. "पण लेखी द्या."

वहिनींनी दिलं!

*

इंजिन तसं ठणठणीत होतं. रोग होता तो खालच्या अंगाला. स्टेअरिंग पाव चक्कर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. एकदा आम्ही निजामुद्दीनच्या पुलावर असताना पुढची बस एकदम थांबली. सातपुत्यांनी स्टेअरिंग फिरवलं. गाडी सरळच!

"अहो, वळवा!" मी किंचाळलो.

"वळवलीय," ते शांतपणे म्हणाले. "प्रस्ताव खाली गेलाय. मंजुरी येऊ द्या!"

मंजुरी आली. (इथेच माझे डोळे मिटलेले होते.)

*

डाव्या बाजूची स्प्रिंग दबून बसल्यामुळे गाडी डावीकडे कलायची, ट्रॅफिक पोलिसाला मुजरा करत असल्यासारखी. त्यावर सातपुत्यांनी बिनखर्चाचा उपाय काढला होता. मागच्या सीटवर उजवीकडे नेहमी जोगळेकर काकूंना बसवायचं. काकू तळमजल्यावरच्या, अंगानं भरभक्कम. त्या बसल्या की गाडी लेव्हलला! पण असं तोंडावर कसं सांगणार? म्हणून थंडीत सातपुते म्हणायचे, "काकू, उजवीकडे बसा, छान ऊन येतं." आणि उन्हाळ्यात, "काकू, उजवीकडे बसा, छान सावली असते."

दोन वर्षं काकू निमूटपणे बसल्या. तिसऱ्या वर्षी दार धरून उभ्याच राहिल्या.

"सातपुते, मला एक सांगा. सूर्य माझं वजन बघून फिरतो का हो?"

*

तह झाल्यावर सातपुते कंबर कसून कामाला लागले. सोसायटीमागच्या मार्केटातले मेकॅनिक गुलशनजी गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन डॉक्टरी आवाजात म्हणाले, "साहब, सारे बुश खत्म." बुश म्हणजे सांध्यांतले रबराचे तुकडे. पेन्सिलीच्या खोडरबराएवढी वस्तू, पण ते झिजले की गाडी संधिवात झाल्यासारखी कण्हते.

सातपुते गेले करोल बागेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत. आता तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस वस्तू अशी थेट घेईल? त्यांनी तीन दुकानांत लेखी कोटेशन मागितलं. तिसऱ्या दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं.

"बाबूजी, बुश लेना है या पुल बनवाना है?"

तरी तिन्ही कोटेशन्स आली! नियमानुसार सगळ्यात कमी दराचं पास झालं. माल गुलशनजींच्या हातात पडला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

"साहब, ये स्कूटर का है."

*

बुश शेवटी गुलशनजींनी स्वतः आणून बसवले. मग आलं अलाइनमेंट, म्हणजे पुढची चाकं एका रेषेत आणणं. नोएडात तेव्हा नुकतंच काँप्युटरवालं अलाइनमेंट सेंटर उघडलेलं, एसी वेटिंग रूम आणि काचेच्या कपात कॉफी. गुलशनजींचं तंत्र वेगळं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची आणि एक डोळा मिटून बघायचं. त्या दिवशी दोरी सापडेना. सातपुते घरात जाऊन वहिनींचा लाल लोकरीचा गुंडा घेऊन आले. त्याच्या दुसऱ्या टोकाला अर्धा स्वेटर होता, तो निम्मा उसवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं!

"अहो, तो तुमचाच होता!" वहिनी बाल्कनीतून ओरडल्या. "आता कुडकुडा जानेवारीत!"

तरी सातपुत्यांना खात्री हवी होती. ऑडिट हवंच ना! गाडी नोएडाला नेली. मशीन लावलं, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे. तिथला टायवाला इंजिनिअर थक्क झाला.

"सर, इतनी पुरानी गाडी! कौन-सी मशीन पे करवाया?"

सातपुते छाती काढून म्हणाले, "हाथ की बुनी हुई!"

*

आणि मग पानिपत.

पुढे सातपुते आणि वहिनी. वहिनींच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये फॉर्म. मागे मी, आणि काकू उजवीकडे. गाडी जाताना अशी धावली की विचारू नका! काला अंबला पाहुण्या वक्त्यांनी आवाज चढवून सांगितलं, "इथवर आलेले कित्येक माघारी गेलेच नाहीत!" आणि आमच्या सगळ्या मंडळींनी एकदम पार्किंगकडे बघितलं.

परतताना पराठ्यांसाठी प्रसिद्ध मुरथळपाशी वहिनी म्हणाल्या, "भूक लागली." सातपुत्यांनी गाडी हळू करून ढाब्याकडे वळवली. उजवं चाक ढाब्याकडे वळलं. डावं मात्र सरळ दिल्लीला निघालं! गाडी फरफटत एका खाटेपाशी थांबली. वहिनी आणि काकू काहीच न घडल्यासारख्या उतरून हात धुवायला गेल्या.

आम्ही वाकून बघितलं. डाव्या चाकाला स्टेअरिंगशी जोडणारी दांडी लोंबत होती. नट गायब. सातपुत्यांचा चेहरा पांढराफटक.

"संपलं," ते म्हणाले. मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "अरे, हे काम खालून होतं! लेखी अटीत फक्त बॉनेट आहे!"

तेवढ्यात एक ट्रकवाला, न बोलावता, आपल्या पेटीतला नट आणि पाना घेऊन आला आणि गाडीखाली शिरला. माझं काम एकच. वहिनींना गाडीकडे पाठ करून बसवायचं आणि उठू द्यायचं नाही.

"वहिनी, आणखी एक? गोभीचा?"

"चालेल."

"मुळ्याचा?"

"आणा."

घरी दीड पोळी खाणारी बाई! आलू, गोभी, मुळा, पनीर, कांदा, पुन्हा आलू. सहा पराठे! काकू बघतच राहिल्या. मी मनात म्हटलं, काय फसवलंय यार!

काम झालं. सातपुत्यांनी ट्रकवाल्याचे दोन्ही हात धरले. "भाईसाब, आपका शुक्रिया कैसे..."

"शुक्रिया बहनजी को बोलो," तो पाना पुसत म्हणाला. "हाथ धोने आई थीं, तभी मुझे भेज दिया. बोलीं, 'नट अच्छे से कसना. आपको जितना टाइम लगे, मैं उतनी देर खाती रहूँगी.'"

मुरथळ ते मयूर विहार गाडी बिनतक्रार धावली. बॉनेट बंद ते बंदच.

आता कबुली. पराठे सहा नव्हते, चार होते. पण हे लिहितोय म्हटल्यावर वहिनींनी बजावलं, "सहा लिहा. चारांत माझे कष्ट दिसत नाहीत!"