चौघांचे डबे

नव्वदच्या दशकात आम्ही चौघं बारामतीत खोली करून कॉलेजला होतो. पेपरात इंग्रजीला बरे मार्क पडत, पण तोंडातून ते काही फुटत नव्हतं. बोलल्याशिवाय येत नाही, असं सर म्हणाले. मग आम्ही नियम केला. सकाळी उठल्यापासून कॉलेज सुटेपर्यंत मराठी बंद. जो चुकेल त्यानं आठवडाभर चौघांचे डबे घासायचे.

झालं असं, की आम्ही बोलायचेच थांबलो. चटणी हवी तर बोट दाखवायचं. आमचं भांडण झालंय असं समजून घरमालकीणबाई समेट घडवायला आल्या, तेव्हा चौघांनी एका सुरात ‘नो प्रॉब्लेम’ म्हटलं. न अडखळता येणारं तेवढंच होतं.

डबे गावाकडून एसटीनं यायचे. वरकुट्यात आई माझा डबा कंडक्टरकडे द्यायची आणि मी तो बारामतीच्या स्टँडवर घ्यायचो. एकदा मला ताप आला, तर कंडक्टरनं रिकाम्या डब्याबरोबर ती बातमीही घरी पोचवली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तात्याच उतरले. माझे वडील. उसाच्या पाण्याची पाळी सोडून आले होते आणि त्याच गाडीनं परत जाणार होते. मधे जेमतेम दहा मिनिटं. माझ्या मागं तिघं पहारेकरी कान टवकारून उभे.

‘‘ताप उतरला का?’’ तात्यांनी विचारलं.

तात्यांना ‘येस’ म्हणायची मला लाज वाटली, आणि मराठी बोलावं तर डबे घासायची भीती. मी मान हलवली. जेवतोस का, झोप लागती का, सगळ्याला मानच. तात्यांनी माझ्या गळ्याला हात लावून पाहिला आणि ते गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर औषधाच्या जुन्या बाटलीत काढा आला. कंडक्टर म्हणाला, ‘‘तात्यांचा निरोप हाय. घसा बरा होईस्तोवर बोलू नगं. लई काळजीत हायेत.’’

तिघं पहारेकरी खाली बघायला लागले.

‘‘तात्यांना सांगा,’’ मी म्हणालो, ‘‘घसा चांगला हाय. पोरगंच गाढव हाय.’’

त्या आठवड्यात चौघांचे डबे मी घासले. काढाही सगळा प्यालो.