चिखलात उभा, तरी गुलाबी

"एकच ओरिजिनल वाजवा," क्लबची मॅनेजर म्हणाली. "आणि तेव्हा लोक बारकडे वळले, तर पुढच्या महिन्यापासून फक्त कव्हर्स. सॉरी हां."

परळच्या त्या क्लबमध्ये आमचं साउंडचेक चालू होतं. म्हणजे शोच्या आधी प्रत्येक वाद्याचा आवाज तपासून घेणं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाजलेलं गाणं, ओरिजिनल म्हणजे आपलं स्वतःचं. कव्हर्स आम्ही झकास वाजवायचो, म्हणूनच तिथे टिकलो होतो. पण दुसऱ्यांची गाणी वाजवत म्हातारं व्हायला मी गिटार हातात घेतली नव्हती. आजही आपलं गाणं पडलं तर बँड सोडायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

गाणं होतं शिवडीच्या फ्लेमिंगोवर. मराठी रॉक. ओहोटीच्या चिखलात ऐटीत उभा असलेला तो पक्षी बघून ओळ सुचली होती: 'चिखलात उभा, तरी गुलाबी'. ओळ फक्कड होती, उगाच नम्रपणा कशाला! पण दर वेळी तेच व्हायचं. मी इंट्रो सुरू करायचो, म्हणजे शब्दांआधीचा गिटारचा तुकडा, आणि पब्लिक मोबाइलमध्ये डोकं घालायचं.

"तुझा इंट्रो म्हणजे सत्कार समारंभातलं भाषण आहे रे," मेल्विन म्हणाला. मेल्विन आमच्या दोघांच्या बँडचा ड्रमर, खोताच्या वाडीतला. आमची प्रॅक्टिस त्याच्याच घरी चालते, त्याच्या आईची बोलणी खात. "बोटं किती पळतात ते दाखवत बसतोस. लोकांनी त्याचं काय करायचं?"

माझी सटकलीच. "मग काय करू? आरती म्हणू?"

"तू लालबागला बेंजोवर होतास ना? तिथे गायक कोण असायचा?"

बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांबरोबर वाजतं. त्याला गायक नसतोच. बेंजोवाला चाल वाजवतो, शब्द रस्ता म्हणतो. आणि पब्लिक तापलं की ओळ अर्ध्यात सोडून द्यायची. उरलेली लोक ओरडून पुरी करतात.

"पण ती गाणी लोकांना पाठ असतात," मी म्हणालो. "हे कुणाला माहीत आहे?"

"मग पाठ करून घे. आधी चाल, मग शब्द."

इंट्रो कापताना जीव तुटला. महिनाभर घासला होता तो.

संध्याकाळी आमच्या गाण्याची पाळी आली. मी नुसती त्या ओळीची चाल वाजवली. साधी, सरळ, बेंजोसारखी ठणठणीत. पुन्हा तीच, पुन्हा तीच. मेल्विनने खाली ताशाचा ठेका धरला. पुढच्या टेबलावरच्या एका काकांचा पाय हलायला लागला. मग मी शब्द म्हटले. दोनदा. तिसऱ्यांदा "चिखलात उभा..." म्हणून माइकपासून मागे सरकलो आणि तारांवरून हात उचलला.

शांतता.

"तरी गुलाबी!" कुणीतरी बारजवळून ओरडलं. पुढच्या फेरीला अख्खा हॉल. ग्लास हातात घेऊन लोक स्टेजकडे आले. शेवटी आम्ही दोघंही थांबलो, तरी गाणं थांबेना. माझं गाणं, माझ्याशिवाय चाललेलं! मला रडू येत होतं आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

"पुढच्या महिन्यात पूर्ण शो तुमच्याच गाण्यांचा," मॅनेजर म्हणाली.

"आणि कव्हर्स?" मेल्विनने मुद्दाम विचारलं.

"नकोत रे आता!"

आता नवीन मुलं मला यशाबद्दल विचारतात. मी सांगतो, बोटं पळवायला शिका, आणि मग योग्य वेळी तारांवरून हात उचलायला शिका. दुसरं जास्त अवघड आहे.

त्या रात्री सामान घेऊन बाहेर पडलो, तर दारावरचा बाउन्सर आमचीच चाल गुणगुणत होता.

"मस्त घेतलंत हां शेवटचं," तो मला म्हणाला. "जुनं गाणं आहे ना? लहानपणी मिरवणुकीत ऐकलंय मी."

मेल्विनने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"हो," मी म्हणालो. "जुनंच आहे."