धोंडूआत्याच्या वाडीच्या कुड्या

"मैनाबाय, कान मोकळे का?" असं कुणी विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सांगते, ऐका. आणि एकदा ऐकलंत की पुन्हा विचारू नका.

भिवंडीजवळच्या राहनाळला आमच्या घरामागं विहीर होती. तिला लागून पाच गुंठ्यांची वाडी, ती धोंडूआत्याची. माझ्या बाची, सावळारामाची, ही थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि माहेरी आली. आजोबांनी चार माणसांसमोर सांगितलं, "ही वाडी धोंडूची. तिला कुनापुढं हात पसरायला लागू नये." आत्यानं कधी पसरलाही नाही. वांगी, मिरची, माठ, वाल, सगळं टोपलीत भरायची आणि धामणकर नाक्यापर्यंत चालत जायची. कापडाच्या लूमवरनं सुटणाऱ्या कामगारांशी मोडक्या हिंदीत भांडायची, "लेना है तो लेव, दबाके मत देखो!" वांगं दाबलेलं तिला खपायचं नाही. येताना माझ्यासाठी चिक्की आणायची. आय दिवसभर भाताच्या शेतात, मला वाढवलं ते आत्यानंच.

चौऱ्याहत्तर साली माझं लगीन ठरलं. नवऱ्याच्या घरी आठ लूम होते. सुपारीच्या दिवशी सासू एवढंच बोलली, "आमच्या थोरल्या सुनंच्या कानात हिरं हायत." मागितलं नाही हो, नुसतं सांगितलं! तेवढ्यानं बाची झोप उडाली. घरात कणगीभर भात होता, उपाशी कुणी नव्हतं, पण पोरगी हिऱ्यांशिवाय उभी राहिली तर म्हणे नाक कापलं जाईल. कुणाचं नाक, आणि कापणार कोण? त्या मेल्या नाकापायी किती घरं बसली असतील!

एक दिवस बा आत्याला म्हणाला, "इहिरीवर मोटर बसवायची हाय. कागदावर तुजा अंगठा लागतो." आत्याला कोण आनंद! आता रहाट ओढायला नको. तिनं अंगठा दिला आणि घरी येऊन सगळ्यांना तांदळाची खीर खाऊ घातली. सख्ख्या भावाचा कागद कोण दुसऱ्याकडून वाचून घेतं?

मग माझ्या कुड्या आल्या. सात-सात हिऱ्यांच्या. मी आरशापुढून हलेना. एवढ्या महागाच्या कुड्या कुठून आल्या, हे मी विचारलं नाही. मला ते कळायलाच नको होतं. शिव्या द्यायच्या तर मलाही द्या.

आमच्याकडं लग्नात भटाच्या आधी मान धवलारणीचा. धवळे गात लगीन लावणारी ती बाई. आमच्या गावची धवलारीण ठकुबाई. स्वतः विधवा, पण मांडवात तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ती गाण्यात नवरीच्या अंगावरच्या एकेका दागिन्याचं नाव घ्यायची, मग देणाऱ्याचं. देणाऱ्यानं पुढं येऊन नवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकायचे, तेव्हाच पुढचं गाणं.

"पाटल्या कुनी दिल्या गो, मामानं दिल्या." मामा आला, तांदूळ टाकून गेला.

"कानीच्या कुड्या कुनी दिल्या गो..." बा तांदळाची मूठ घेऊन उठलाच होता. "...धोंडूबायनं दिल्या."

बा कसंनुसं हसला. "चुकलीस, ठकुबाय. माझं नाव घे."

"चुकले न्हाय. परवा धोंडू नाक्यावर गेल्याली, तवा वाडी इकत घेतल्याल्या शेठची मानसं तितं फीत लावून मोजत व्हती, या डोळ्यांनी पाह्यलं मी. गोदाम बांधनार म्हनं. कुड्या वाडीच्या, नि वाडी धोंडूची व्हती. तुजं नाव माज्या तोंडून निघनार न्हाय, सावळ्या."

आत्या मांडवात नव्हतीच. विधवा म्हणून तिला मागं भांड्यांपाशी बसवलं होतं. ती राखेच्या हातांनी तशीच पुढं आली. "व्हती म्हंजे? वाडी व्हती म्हंजे काय रं, सावळ्या?"

बानं मान खाली घातली. माझा बाप, जो उठता-बसता गावाला न्याय शिकवायचा! आणि बाकीचे? कुणीतरी पुटपुटलं, "घरातलं घरात बघा, वेळ टळतेय."

ठकुबाई कडाडली, "देनारी तांदूळ टाकंल तवाच मी गाईन! विधवा मांडवात चालत नसंल तर मी बी विधवाच हाय. मी बी चालले!"

आत्या माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता कुड्या ओढून घेईल. घ्यायलाच पाहिजे होत्या! तिनं पदराला हात पुसले, माझ्या डोक्यावर तांदूळ टाकले आणि कानशिलांवर बोटं मोडली. "सुखी ऱ्हा गो, मैने," म्हणाली. आणि मी काय केलं? माझे दोन्ही हात मोकळे होते. कुड्यांच्या फिरक्या काढायला कितीसा वेळ लागतो? मी मान खाली घालून बसून राहिले. लगीन लागलं.

वर्षभर त्या कुड्या कानात टोचत होत्या. शेवटी भिवंडीतल्या एका सोनाराकडं गेले, म्हटलं विकून वाडी परत घेऊ. तो म्हणाला, "सोन्याचे पैसे देतो. खडे बारीक आहेत, त्यांना कोण विचारतं?" घेताना हिरे, विकताना खडे! आग लागो त्या झगमगाटाला.

तशीच राहनाळला गेले. विहीर बुजवली होती, वाडीच्या जागी गोदाम उभं होतं. आत्या त्याच गोदामात रोजावर होती, कापडाचे तागे डोक्यावरून वाहत होती. मी कुड्या तिच्या हातावर ठेवल्या. "आत्या, घे. तुझ्याच हायत."

लग्नात तिनं त्या नीट बघितल्याच नव्हत्या. एक कुडी चिमटीत धरून उन्हात फिरवून बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"याच व्हत्या व्हय?" ती म्हणाली. "एवढ्याशा?"

मुकादमानं हाक मारली. तिनं कुड्या माझ्या मुठीत परत ठेवल्या आणि तागा उचलायला गेली.