पुतळ्यावर जळणारा

तयार कपड्यांच्या दुकानातल्या त्या पोराला सगळे टाचणी म्हणत. काचेमागच्या पुतळ्याला रोज नवे कपडे चढवायचे आणि शर्ट अंगाला चापून बसावा म्हणून पाठीमागून टाचण्या मारायच्या, हे त्याचं काम. तोंडात कायम टाचण्या, म्हणून नावही तेच पडलं.

पुतळ्याचे फोटो फोनवर टाकायचं खूळ मालकांच्या डोक्यात आलं. टाचणीने टाकले, आणि लोक अक्षरशः वेडे झाले. टाचणीच्या स्वतःच्या फोटोला मात्र आई, ताई आणि ताईचा नवरा, एवढेच बदाम. त्यातला नवऱ्याचा बदाम ताईने डोळे वटारल्यावर यायचा.

माणसाने माणसावर जळावं, हे समजू शकतं. हा गडी फायबरच्या ठोकळ्यावर जळायला लागला! त्यात, शाळेपासून जिच्या मागे हा मनातल्या मनात झुरत होता, तिने पुतळ्याच्या फोटोखाली लिहिलं, ‘काय रुबाब आहे!’ झालं, याचं अन्नपाणी सुटलं. तोच शर्ट आपल्याला चापून का बसत नाही, म्हणून हा वाळायचा. जितका वाळे, तितका शर्ट आणखी ढगळ होई. पाठीमागच्या टाचण्या रोज स्वतःच्या हाताने मारणाऱ्याला एवढंही सुचू नये? पण जळणाऱ्याला अक्कल कुठली!

“अरे, दोन घास तरी खा,” आई म्हणायची.

“तो खातो का?”

“तो कोण?”

टाचणी ताट सरकवून उठायचा.

सूड म्हणून त्याने एकदा पुतळ्याला उलटी पँट घातली. दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं उलट्या पँटी मागायला आली. मालकांनी टाचणीची पाठ थोपटली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी एका सकाळी त्याने पुतळ्याला कपाटात कोंबलं, त्याचे कपडे, टोपी, काळा चष्मा स्वतः चढवला आणि काचेमागे उभं राहून फोटो टाकला. लगेच कुणीतरी लिहिलं, ‘हा नवा पुतळा फारच रोडका आहे. जुना आणा.’ त्या मुलीने त्या वाक्याला बदाम दिला.

टाचणी तसाच दगडासारखा उभा राहिला. तेवढ्यात ताई दुकानात शिरली. मालक फोनवर बदाम मोजण्यात गुंग.

“पुतळ्याच्या अंगातला शर्ट माझ्या भावाला हवाय,” ती म्हणाली. “लहान माप द्या हो. पोरगा वाळून काटकी झालाय. आई रोज रडते.”

“पुतळ्यावरून अंदाज घ्या ना,” मालक मान वर न करताच म्हणाले.

ताईने मागे जाऊन पुतळ्याच्या पाठीवर वीत टाकली. मग झटकन हात मागे घेतला.

“नको, याहून मोठं द्या,” ती म्हणाली. “इतका नाही हो वाळला माझा भाऊ.”

पुतळ्याला रडू फुटलं.

“ताई,” तो म्हणाला, “भूक लागलीय गं.”