रिंगकडे पाठ

आमच्या गावात जयंतीच्या पताका लावायला शिडी लागत नाही, मी सुटीवर असलो की झालं. "उंट आला का रे?" अशी हाक येते आणि मी चपला घालतो. सहा फूट सहा इंच उंची हेच माझं शिक्षण आणि तेच माझं पोट. शाळेत असताना मला बास्केटबॉलच्या रिंगखाली नेऊन उभं केलं, तो मी अजून तिथेच आहे.

गावं तेवढी बदलली. नागपूर, इंदूर, लुधियाना, चेन्नई, पुन्हा नागपूर. कुठल्या ना कुठल्या संघाला मोसमापुरता एक उंच माणूस लागतोच. अकरा महिन्यांचा करार, मग घरी, मग पुन्हा निवड चाचणी. माझ्या जागेला सेंटर म्हणतात. नाव मोठं, काम खांबाचं. रिंगकडे पाठ करून उभं राहायचं, मागच्याची कोपरं बरगड्यांत घ्यायची, हातात आलेला चेंडू दुसऱ्याला द्यायचा. तो टाकतो, टाळ्या त्याला. लांबून बास्केट करायची मला फार हौस होती. एकदा इंदूरला केलीही. प्रशिक्षकानं तेव्हाच्या तेव्हा बाहेर बसवलं, बास्केट झाली होती तरी.

यंदा उजवा गुडघा गेला. रोज संध्याकाळी सुजतो. मला आता बसायचं होतं, इतकंच. जवळच्याच मूल गावातल्या राइस मिलमध्ये सासऱ्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. धानाच्या काट्याजवळ खुर्चीवर बसायचं, पोत्यांची वजनं लिहायची, जेवायला घरी. तुमच्या चाचणीचं काय ते कळेपर्यंत जागा धरून ठेवतो, असं मालक म्हणाला होता.

मग चाचणीला गेलातच कशाला, असं कुणीही विचारेल. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स आहे. माय येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवते. बायको माहेरी 'खेळाडूची बायको' म्हणून मिरवते. या दोघींना 'मी सोडलं' हे सांगायची माझी छाती नव्हती. एवढं धूड, पण त्या बाबतीत मी पक्का भित्रा आहे. 'त्यांनी घेतलं नाही' हे सांगणं सोपं होतं. म्हणून नागपूरला जाताना मी गुडघ्याला पट्टी बांधली नाही, गोळीही घेतली नाही.

मैदानावर पळायला सांगितलं आणि मी लंगडलो. ढोंग करावं लागलं नाही. बाकीच्यांच्या दोन फेऱ्या झाल्या तेव्हा माझी पहिलीच चालू होती. दुखत होतं आणि मनातून बरं वाटत होतं. शेवटी मी प्रशिक्षकांसमोर जाऊन म्हणालो, "सर, गुडघा गेला. पळणं होत नाई आता."

त्यांनी वहीतून मान वर केली. बरीच वर करावी लागली.

"तुले पळाले कोन सांगून राह्यलं बे? पळणारे दहा हायेत माह्याजवळ. तू रिंगखाली उभा राह्यजो, बस!" आणि माझ्या नावापुढे त्यांनी खूण केली.

नाही म्हणायला मला तोंड होतं. ते मी उघडलंही, पण त्यातून "हो सर" निघालं. येताना बसमध्ये गुडघे पुढच्या सीटला टेकवून मी स्वतःला शिव्या देत होतो.

घरी पोचलो, सवयीनं वाकून दारातून आत गेलो. बायको वाटच पाहत होती. "घेतलं का तुमाले?"

"घेतलं."

माय साखरेचा डबा काढायला आत धावली. बायकोनं उभ्या उभ्याच वडलांना मोबाइल लावला. "बाबा, मिलवाल्याले नाई म्हणून सांगा. यायले घेतलं!" तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना. तरी आता सांगूनच टाकावं असं ठरवून मी म्हणालो, "माय, आयक..."

ती मूठभर साखर घेऊन समोर आली होती. माझ्या तोंडापर्यंत हात पोचेना म्हणून टाचा उंचावत होती. मी वाकलो. गुडघ्यातून कळ गेली आणि मी तोंड उघडलं. तिनं साखर घातली.