बिनदुधाचा चहा

गणपतकाका चहा प्यायचे तेव्हा त्यांचा सुरका अर्ध्या गल्लीला ऐकू जायचा. घोट घेताना त्याबरोबर हवाही ओढायची, तो जिभेवर घोळवायचा आणि मग डोळे मिटून गप्प बसायचं, अशी त्यांची तऱ्हा. शाळेतल्या नोकरीमुळे मी देऊळघाटला आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून तो आवाज आला आणि मला वाटलं, म्हाताऱ्याला दम लागलाय. धावत गेले. काका ओट्यावर निवांत बसले होते, हातात भातुकलीतला वाटावा एवढासा कप.

"दम नाही लागला, मॅडम. चव घेऊन राह्यलो," ते म्हणाले.

काका वेल्डर. नागपूरकडच्या एका वीज प्रकल्पावर बॉयलर उभारायला चिनी मंडळी आली होती, त्यांच्यात त्यांनी काही वर्षं काढली. तिथे लिन नावाच्या फोरमनशी त्यांचं जमलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं समोरासमोर बसून नुसता चहा पीत. आपण ज्याला काळा म्हणतो त्याला ते लोक लाल चहा म्हणतात, हे काका फार कौतुकाने सांगत. चहात कसली चव लागते हे लिनला सांगता येईना, तेव्हा एकदा तो भाजलेलं रताळंच घेऊन आला, कपाशेजारी ठेवलं आणि दोन्हींकडे बोट दाखवलं. "तवा समजलं मले, हा काय म्हनून राह्यला ते," काका म्हणत. पुढे प्रकल्प संपला, लिन आपल्या देशी गेला, काका गावी परतले. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. अकोल्याचा पुतण्या मोबाईलवरून तो चहा तेवढा मागवून देई.

बिनदुधाचा चहा पितो तो एकतर पोट बिघडलेला माणूस, नाहीतर घरात दूध नसलेला. गल्लीने यातला दुसरा अर्थ धरला. सकाळी समोरच्या शांताबाई दुधाचा पेला आणून देत, दुपारी आणखी कुणाची सून. काका दोन्ही हातांनी पेला घेत, "बसा ना घडीभर" म्हणत, आणि आणणारीला सुखदुःखाच्या दोन गोष्टी बोलल्याशिवाय सोडत नसत. संध्याकाळची पाळी मी घेतली. गल्लीतल्या मांजरी त्या वर्षी चांगल्या गुटगुटीत झाल्या, त्याचं कारण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एकदा काका चहा करत असतानाच मी पोचले. पाणी उकळल्यावर त्यांनी ते उतरवून अंमळ थांबू दिलं, कप गरम पाण्याने विसळले, झाकण असलेल्या वाटीत पानं टाकून वर पाणी ओतलं. "चहाले उकयायचं नसते, मॅडम. भिजवायचं असते." लगेच गाळून त्यांनी दोन कप भरले. मी सवयीने हातातला दुधाचा पेला कपावर तिरपा केला, तर त्यांनी मध्ये तळहात धरला. चार थेंब हातावर पडलेच.

"दूध टाकलं का मेला तो. पेऊन सांगा, काय लागते."

आधी जरा तुरट लागला, मग मागून काकवीसारखं काहीतरी गोड आलं. त्यांनी त्याच पानांवर दुसरं पाणी ओतलं, आणि या खेपेला भाजलेल्या रताळ्याचा वास मलाही आला. दूध लागतच नाही तर गल्लीला तसं सांगत का नाही, असं मी विचारलं. काका तिसरं पाणी ओतत होते.

"सांगतलं तं कोन येईन, मॅडम?"

मी कुणाजवळ बोलले नाही. पण दिवाळीला पुतण्या आला. गुणी मुलगा. ओट्यावरचे पेले पाहून तो ओशाळला आणि घरोघर जाऊन सांगून आला की काका चहात दूध घेतच नाहीत, उगाच त्रास घेऊ नका. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पेले बंद झाले, आणि पेल्यांबरोबर माणसंही. मीसुद्धा दोन-चार दिवस गेले नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, हेच उमगेना. माझा नवरा नाशिकला नोकरीला, इथल्या खोलीत मी एकटी. खरं सांगायचं तर ते दूध मला त्यांच्याइतकंच लागत होतं.

शेवटी एका संध्याकाळी तशीच गेले. काकांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"काही काम होतं काय?"

नाही म्हटलं, बसायला आले. ते उठले. कप धुतलेलेच होते, ते पुन्हा धुतले. चहा ओतला. पहिला कप झाला, दुसरा झाला. मग खाली बघत म्हणाले, "बिनकामाचं कोनी येते, हे मी धरलंच नव्हतं."

त्यानंतर मी रोज गेले. पुढच्या थंडीत काका झोपेतच गेले. पुतण्याने घराला कुलूप लावलं. या गावात आता माझ्या ओळखी पुष्कळ आहेत, लोक हाक मारून बोलतात, पण काही काम नसताना जावं असं दार मला एकच होतं.